चिंचोके, रद्दी आणि सुताचे कोन घेऊन खेळलेले कलाम

१५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. अब्दुल कलामांचा वाढदिवस, जवळ आला की घरोघरी तेच चालतं, पांढरा विग आणायचा, निळा शर्ट घालायचा, "मी मिसाईल मॅन" म्हणून दहा ओळी पाठ करायच्या आणि फोटो स्टेटसला टाकायचा. माझा थोरला पाचवीत, धाकटी दुसरीत, दोघांनाही जन्म रामेश्वरम, भारतरत्न १९९७, अकरावे राष्ट्रपती हे सगळं तोंडपाठ, पण रामेश्वरम बेटावर आहे आणि तिथे समुद्रावरच्या पुलावरून रेल्वे जाते म्हणलं तर दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसले. म्हणून या उन्हाळ्यात ठरवलं की भाषण नाही आणि ड्रेस पण नाही, कलाम बनायचं नाही, त्यांनी जी कामं केली ती करायची, एवढाच नियम. कोणाला घरी करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

सोलापूरचा उन्हाळा म्हणजे अकरा ते पाच पोरं घरात कोंडलेली. लाईट गेली की टीव्ही बंद, वायफाय बंद, मग भांडणं. त्यात आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये सगळ्यांचं वर्षाची चिंच फोडून मीठ लावून ठेवायचं काम चालू असतं, त्यामुळे चिंचोके हवे तेवढे. आणि कलामांनी लहानपणी चिंचोके विकूनही पैसे मिळवले होते बरं का! दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते आठच्या आसपासचे होते, बाजारात अचानक चिंचोक्यांना मागणी आली, ती का आली ते आपल्याला कधीच समजलं नाही असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते चिंचोके गोळा करून मशीद रस्त्यावरच्या किराणा दुकानात नेऊन विकायचे आणि दिवसाला एक आणा मिळायचा.

आमचं दुकान सासूबाईंनी चालवलं, सोप्यात पाटावर बसून. मी पुठ्ठ्याचे आणे कापून दिले, वाटीभर चिंचोक्यांना एक आणा असा भाव लावला आणि आण्यांवर शेंगदाणे, गुळाचा खडा, गारेगारला परवानगी असं काय काय ठेवलं. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा, हे थोरल्याने आपणहून भागाकार करून काढलं कारण त्याला शंका होती की आजी फसवते. पोरं गल्लीभर फिरून चिंचोके मागून आणायला लागली, वरच्या मजल्यावरचा एक पोरगा पण घुसला आमच्या टोळीत. शेजारच्या अक्कांनी, त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या विणकामातलं, तेलुगूमिश्रित मराठीत विचारलं की एवढ्या चिंचोक्यांचं करता काय, मग सासूबाईंनी विषय काढला की घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, त्याने घोंगडी कडक होते. झालं, दुसऱ्या दिवशी चिंचोके भाजून भिजवून वाटून खळ शिजवली, हा कार्यक्रम माझ्या प्लॅनमध्ये नव्हता आणि मिक्सरचं भांडं घासताना मी काय बोलले ते लिहीत नाही. त्याच खळीने पुढे सगळे कागद चिकटवले, फेविकॉलचे पैसे वाचले.

मग एका दुपारी सासूबाईंनी दुकान बंद केलं, म्हणल्या मागणी संपली, आता घेत नाही. पोरांची तोंडं बघण्यासारखी होती, एवढा ढीग साठवलेला! हे मी मुद्दाम करायला लावलं होतं, पुढचं काम सुरू करायला.

पुढचं काम पेपरचं. युद्धामुळे गाडी रामेश्वरम स्टेशनला थांबणं बंद झालं, तेव्हा पेपरचे गठ्ठे रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या मधे चालत्या गाडीतून खाली टाकायचे. कलामांचा चुलतभाऊ समसुद्दीन तिथे पेपर वाटायचा, त्याला ते गठ्ठे झेलायला कोणीतरी हवं होतं, आणि ते काम या पोराला मिळालं. हे ऐकल्यावर थोरला म्हणाला, "मग आपली गाडी कुठंय?" गाडी म्हणजे यांची अॅक्टिव्हा. संध्याकाळी ऊन उतरलं की रद्दीचे सुतळीने बांधलेले गठ्ठे घेऊन हे गल्लीतून हळू गाडी चालवायचे आणि डाव्या हाताने गठ्ठा सोडायचे. पहिल्यांदा पोरं गाडी जिथे दिसली तिथेच उभी राहून हात पसरायची आणि गठ्ठा त्यांना ओलांडून पुढे जाऊन पडायचा. वरच्या मजल्यावरच्याने लगेच शोधलं, गाडी जिकडे चाललीय तिकडे आधीच पळत सुटायचं, कारण हातातून सुटला तरी गठ्ठा गाडीच्या वेगाने पुढे जातोच की. जडत्व शब्द थोरल्याच्या विज्ञानात अजून यायचाय पण वस्तू समजली. एकच सांगते, गठ्ठा पातळ ठेवा, चार-पाच पेपरचा, आणि वाहनांचा रस्ता नको, आमची गल्ली पुढे बंद आहे म्हणून जमलं.

झेललं की वाटायचं पण. कुठल्या घराला कुठला पेपर, कोणाची बाकी राहिली, हे धाकटीकडे दिलं. तिने अक्कांकडून खरंच दोन रुपये वसूल करून आणले, जुन्या पेपरचे. यावर घरात बरीच चर्चा झाली.

पक्ष्यांचा भाग पटकन सांगते. पाचवीत शिवसुब्रमण्य अय्यर नावाच्या मास्तरांनी पक्षी कसा उडतो ते फळ्यावर काढून शिकवलं, पोरांना कळलं नाही म्हणून सगळा वर्ग समुद्रावर नेला. आपल्याकडे समुद्र नाही पण सिद्धेश्वर तलाव आहे, पाण्यात देऊळ पण आहे, त्यामुळे रामेश्वरमचं थोडं तरी चित्र डोळ्यापुढे येतं असं मला वाटलं. सकाळी लवकर गेलो आणि फक्त शेपटीकडे बघायचं असं सांगितलं. घारीसारखं चांगलं काही नाही यासाठी, पंख न हलवता नुसती शेपूट पिळून वळते, ते अगदी स्पष्ट दिसतं. घरी येऊन कागदी विमानाच्या शेपटीला दोन चिरा देऊन तुकडे वर-खाली वाकवले की विमान कसं वळतं ते बघत बसले, माझा स्वयंपाक शांततेत झाला.

एका गोष्टीचा मात्र मी खेळ केला नाही. नवीन आलेल्या मास्तरांना पुरोहिताचा मुलगा मुसलमान मुलाशेजारी बसलेला चालला नाही, त्यांनी कलामांना उठवून मागच्या बाकावर बसवलं. मित्र रामनाथ शास्त्री रडला. त्याचे वडील लक्ष्मण शास्त्री देवळाचे मुख्य पुजारी, त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि पोरांच्या मनात असलं विष कालवू नका म्हणून खडसावलं. आमच्या टोळीत सगळ्या घरची पोरं आहेत, यात कोणाला मागे बसवून "खेळ" करायचा म्हणजे मला पटेना. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर नुसतं सांगितलं. थोरल्याने विचारलं, मास्तर सुधारले का, म्हणलं हो, शेवटी बदलले. बहिणीची गोष्ट पण तशीच सांगितली, मद्रासला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला हजारेक रुपये लागत होते आणि झोहराने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. गहाण म्हणजे काय हे आपल्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. धाकटीचा पहिला प्रश्न, "सोडवून आणल्या का मग?" स्वतःच्या कमाईतूनच सोडवीन असं कलामांनी ठरवलं होतं, एवढं सांगितलं तेव्हा कुठे झोपली.

आता रॉकेट. यांचं काम टॉवेलच्या कारखान्यात, त्यामुळे सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन घरात पडलेलेच असतात, रॉकेटचं नाक म्हणून यापेक्षा भारी वस्तू नाही. सुरुवात थुंब्याने केली. केरळमधल्या या मच्छीमार गावात जुनं चर्च आणि बिशपचं घर हेच पहिलं वर्कशॉप आणि ऑफिस होतं, रॉकेटचे भाग सायकलच्या कॅरिअरवरून न्यायचे आणि तिथूनच २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं. आम्ही पण कोन सायकलला बांधून गल्लीच्या टोकापर्यंत नेले, न पाडता.

मग एसएलव्ही-३. चार टप्प्यांचं रॉकेट, वजन १७ टन, आणि त्याने वर न्यायचा रोहिणी उपग्रह फक्त ३५ किलोचा. थोरल्याचं वजन साधारण तेवढंच आहे, त्यामुळे "तुला वर पाठवायला १७ टन लागतील" हे वाक्य घरात अजून चालतंय. खेळ असा केला: खिडकीच्या गजापासून गेटपर्यंत नायलॉनची दोरी, दोरीत चार स्ट्रॉ ओवलेले, प्रत्येकाला फुगवलेला एकेक फुगा टेपने चिकटवायचा आणि प्रत्येक पोराकडे एक टप्पा. पहिल्याचा फुगा खुणेपर्यंत पोचला तरच दुसऱ्याने सोडायचा. शेवटच्या फुग्यावर कागदाच्या पुडीत शेंगदाण्याचा एक छोटा लाडू, तो रोहिणी. दोरीखाली निळी सोलापुरी चादर अंथरली, तो बंगालचा उपसागर. कोणाचाही एक फुगा मधे थांबला की सगळंच समुद्रात, लाडू पण समुद्रात, आणि समुद्रातला लाडू आजीचा.

१० ऑगस्ट १९७९ ला खरंच तसं झालं होतं. पहिला टप्पा व्यवस्थित, दुसऱ्यात नियंत्रण बिघडलं आणि पाचेक मिनिटांत सगळं बंगालच्या उपसागरात. कलाम प्रकल्पाचे प्रमुख, पण पत्रकारांसमोर गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० ला रोहिणी कक्षेत गेला तेव्हा धवन मागे राहिले आणि कलामांना म्हणाले, आज तू जा. हा नियम खेळात घातला: फुगा पडला की धवनने पत्रकारांना उत्तरं द्यायची, लाडू गेटला पोचला की कलामने. पत्रकार म्हणजे बाकीची पोरं, हातात पळी. साहजिकच कोणालाच धवन व्हायचं नव्हतं, सगळ्यांना यश पाहिजे की! पत्रकार पण बेकार प्रश्न विचारायचे, "लाडूचे पैसे कोण देणार?" शेवटी वरच्या मजल्यावरच्याने धवन घेतला आणि तो इतका बिनधास्त उत्तरं द्यायला लागला, "चूक माझ्या टीमची म्हणजे माझी, पुढच्या वर्षी बघा", की नंतर सगळे धवनसाठीच भांडायला लागले. माझं मत विचाराल तर सगळ्या उन्हाळ्यातला हाच खेळ सगळ्यात चांगला जमला, कारण शिक्षा म्हणून आलेली भूमिकाच मानाची झाली आणि मी त्यात तोंड घातलं नव्हतं.

अग्नी क्षेपणास्त्राचा आम्ही युद्धाचा खेळ केला नाही, त्याऐवजी कॅलिपरचा, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांचा केला. पोलिओ झालेल्या लहान मुलांना पायात तीन-तीन किलोच्या पट्ट्या घालून ओढत चालावं लागायचं, हैदराबादला डॉक्टरांनी दाखवल्यावर कलामांच्या लोकांनी क्षेपणास्त्रासाठी बनवलेलं हलकं मटेरियल वापरून काहीशे ग्रॅमचे कॅलिपर केले. जुन्या मोज्यांत दीड-दीड किलो ज्वारी भरून पोरांच्या पायांना बांधली, जिना चढून या म्हणलं. मग ज्वारी काढून मोजे थोड्याशा मुरमुऱ्यांनी भरले, परत चढा म्हणलं. काही समजावून सांगावं लागलं नाही.

राष्ट्रपती हा भाग सगळ्यात अवघड, कारण त्यात झेलायला-पळवायला काही नाही. राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत यावर एक दुपार गेली, झाडणार कोण यावरच. मग उरलेले चिंचोके आठवले आणि निवडणूक घेतली. राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही, खासदार-आमदार देतात, आणि प्रत्येकाच्या मताची किंमत वेगळी. राज्याची १९७१ ची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येने भागायची, परत १००० ने भागायची. महाराष्ट्राची ५ कोटी ४ लाख १२ हजार, आमदार २८८, उत्तर १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८, सिक्कीमचं ७, आणि २००२ ला खासदाराचं ७०८. एवढे चिंचोके मोजत बसलो असतो तर पाऊस पडला असता म्हणून थोरल्याने सगळ्याला ७ ने भागलं: सिक्कीम १, महाराष्ट्र २५, उत्तर प्रदेश ३०, खासदार १०१. सिक्कीम झालेला पोरगा जो चिडला, म्हणाला एका चिंचोक्यासाठी मी उन्हात येऊ का. १९७१ चीच लोकसंख्या का, हे पण विचारलं गेलं, तर ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून, असं सांगितलं.

२००२ मध्ये कलामांसमोर उभ्या होत्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. निकाल ९,२२,८८४ विरुद्ध १,०७,३६६. धाकटीने लक्ष्मीबाई घेतल्या होत्या, ताटात चिंचोके कमी पडलेले बघून तिने सरळ ताटच उचललं आणि म्हणाली ही बाई कोण ते आधी सांगा, मग मोजा. म्हणलं डॉक्टर होत्या, सिंगापूरला सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेत झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रमुख होत्या, नंतर कानपूरला म्हातारपणापर्यंत रोगी तपासायच्या. त्यावर तिने कलाम बंद केले. आता सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून बँडेज करणं चालू आहे, सिक्कीमवाल्याला पहिला पेशंट केलाय, आणि लक्ष्मीबाईंबद्दल मला पुढचं वाचून ठेवायला शनिवारपर्यंतची मुदत मिळालीय.