रडतो फार, तरी दात घासायचे का?

"डॉक्टर, तोंडच उघडत नाही. हातपाय आपटतो, रडून रडून लाल होतो. जबरदस्ती करायची का?"

एक ते तीन वर्षांच्या मुलांचे आईबाबा मला सगळ्यांत जास्त हेच विचारतात. आवाजात थकवा असतो आणि थोडी विनवणीही, की मी "नका करू" म्हणावं. बाहेर पुढचं मूल थांबलेलं असतं. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि माणसं अर्धवट उत्तर घेऊन घरी जातात. लहान मुलांच्या दातांचं काम करणाऱ्या माझ्यासारखीने हे उत्तर एकदा तरी पुरतं द्यायला हवं. तुम्ही विचारलंत म्हणून देते.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत" यावर मात्र मी आता वाद घालत नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत आणि मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत काही महिन्यांतच पोचू शकते. तेवढ्यावर हा विषय संपतो.

जबरदस्तीच्या आधी एक गोष्ट तपासा. मूल हट्टी आहे असं सगळे सांगतात, पण बऱ्याच मुलांना घासताना खरोखर दुखत असतं, आणि ते कुठे दुखतं हे त्यांना सांगता येत नाही.

वरचा ओठ हलकेच उचलून बघा. मधोमध ओठ आणि हिरडी जोडणारी एक पातळ पट्टी दिसेल. लहान मुलांमध्ये ती खूप खाली, कधी थेट पुढच्या दोन दातांच्या फटीपर्यंत आलेली असते. ब्रश आडवा फिरवला की त्याची कड तिच्यावर आपटते. स्वतःच्या तोंडात एकदा मुद्दाम आपटून बघा, डोळ्यांत पाणी येतं. मुलाला हे रोज दोनदा होत असेल, तर ब्रश दिसताच ते ओठ मिटणारच. उपाय एका बोटाचा आहे. डाव्या हाताची तर्जनी ओठाखाली सरकवून त्या पट्टीवर आडवी ठेवायची. ओठही उचललेला राहतो आणि ब्रशचा धक्का बोटाला बसतो. पट्टीच्या एका बाजूचे दात आधी घासायचे, मग ब्रश उचलून दुसऱ्या बाजूला न्यायचा. मधून ओढत न्यायचा नाही.

दुसरं कारण पेस्ट. मोठ्यांची पुदिन्याची पेस्ट लहान जिभेला झोंबते, शिवाय तिला फेस येतो. ज्याला थुंकता येत नाही त्याच्या घशाकडे फेस गेला की उमासा येतो. तिसरं, वेळ. रात्री साडेनऊला, डोळे मिटत असताना, कुठलंही मूल भांडेल. रात्रीचं जेवण झालं की लगेच, साडेसातला घासा, त्यानंतर फक्त पाणी. दात आल्यावरही रात्री अंगावर पिणाऱ्या किंवा बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. तिथे निदान बाटलीतली साखर आजच्या आज बंद करा. चौथं कारण दाढा. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात, दुसऱ्या तेविसाव्यापासून पुढे. त्या दिवसांत हिरडी सुजलेली असते. ब्रश गार पाण्यात बुडवून घ्या आणि त्या जागी हात हलका ठेवा.

ब्रशचं डोकं तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठं नको, केस मऊ हवेत. दोन ब्रश ठेवा, एक मुलाच्या हातात चावायला, दुसरा तुमच्या हातात घासायला. चावून केस फाकलेला ब्रश हिरडीला टोचतो, म्हणून तुमचा ब्रश त्याला कधीच द्यायचा नाही.

एवढं दुरुस्त केल्यावर पुष्कळ घरांतलं रडणं ओसरतं. सगळ्या घरांतलं ओसरत नाही, आणि तुमचा खरा प्रश्न त्या उरलेल्या घरांचा आहे.

पूर्वी मी त्यांना सांगायचे, "रडत असेल तर सोडून द्या. खेळता खेळता सवय लागेल." एका मुलाच्या आईलाही मी हेच सांगितलं होतं. मूल पंधरा महिन्यांचं होतं. वरच्या चार दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ होती. कीड लागण्याची ही पहिली खूण. या टप्प्यावर रोज नीट घासलं आणि दाताचं कवच बळकट करणारं फ्लोराइड पेस्टमधून मिळालं तर ती रेघ तिथेच थांबू शकते. मी ती रेघ दाखवली, घासायला सांगितलं, आणि शेवटी ते वाक्यही जोडलं, कारण आईचा चेहरा रडवेला झाला होता.

ते पुन्हा आले तेव्हा मूल दोन वर्षं नऊ महिन्यांचं होतं. वरचे चारही दात हिरडीपर्यंत झिजून तपकिरी खुंट झाले होते. उजवीकडच्या खुंटाच्या वर हिरडीवर पुवाचा फोड होता. ओठ नाकापर्यंत सुजलेला, ताप, आणि तीन रात्री झोप नाही. खालच्या दोन दाढांना खड्डे पडले होते. इतक्या लहान मुलाला खुर्चीत जागं ठेवून एवढं काम करता येत नाही. आधी औषधांनी सूज उतरवली, मग पूर्ण भूल द्यायचं ठरलं. भुलीआधी सहा तास अन्न नाही, शेवटचे दोन तास पाणीही नाही. सकाळी मूल पाणी मागत होतं आणि आजी त्याला खिडकीतून गाड्या दाखवत होती. भुलीचा मास्क लावताना त्याला चार हातांनी धरावं लागलं. घरी ब्रशसाठी जेवढं धरलं असतं त्यापेक्षा किती तरी घट्ट धरलं. चारही दात काढले. दोन दाढांच्या नसांवर उपचार करून वर स्टीलच्या टोप्या बसवल्या. शुद्धीवर आल्यावर त्याने जीभ पुढे नेली, दातांची जागा चाचपली आणि आईकडे बघितलं. नवे दात यायला अजून चार वर्षं होती. तोवर काकडीचा तुकडा पुढून तोडता येणार नव्हता, आणि "फ" नि "व" म्हणताना खालचा ओठ ज्याला टेकवायचा ते दातच नव्हते.

आई मला रागावली नाही. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा स्पष्ट सांगितलं असतंत, तर मी रडू दिलं असतं."

तेव्हापासून मी स्पष्ट सांगते: रडत असलं तरी घासा. त्याचबरोबर, तेव्हाची मी अगदी चुकीची होते असंही मला म्हणवत नाही. मी सोडून द्या म्हणायचे, त्यालाही कारण होतं. दोघांनी दाबून धरलेली, गाल चिमटून तोंड उघडायला लावलेली, चापट खाल्लेली मुलंही माझ्याकडे येतात. त्यातली काही तीन वर्षांची झाल्यावर नुसता आरसा तोंडाजवळ नेला तरी उलटी काढतात. भीतीने मिटलेलं तोंड उघडायला मला महिने लागले आहेत. म्हणून "रडत असलं तरी" म्हणताना धरायचं कसं, हे सांगितल्याशिवाय मी थांबत नाही.

दोन मोठी माणसं असतील तर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसा. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, पाय तिच्या कमरेभोवती. मग त्याला मागे आडवं करायचं, डोकं बाबांच्या मांडीवर. आई त्याचे दोन्ही हात त्याच्या पोटावर आपल्या हातांत धरते, कोपरांनी पाय सावरते. मुलाला आईचा चेहरा सतत दिसत राहतो, हे महत्त्वाचं. बाबा वरून बघत घासतात, त्यांना वरचे दात आतून-बाहेरून दिसतात. बेसिनसमोर उभं करून घासताना ते कधीच दिसत नाहीत. घरात एकटंच असाल तर जमिनीवर पाय पसरून बसा आणि मुलाचं डोकं मांड्यांच्या मधे घ्या. तान्हेपणी आजीने त्याला पायांवर घेऊन तेल लावलेलं असतं, त्यातलीच ही रीत. तुमच्या मांड्या त्याच्या हातांवर नुसत्या टेकलेल्या असाव्यात, वजन टाकायचं नाही.

आधी वरचे पुढचे चार दात, कारण कीड तिथे सुरू होते. मग वरच्या दाढा, मग खालच्या. खालचे पुढचे दात शेवटी. त्यांना जीभ आणि लाळ सांभाळते, एखाद्या दिवशी राहिले तरी चालतील. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवून छोटे गोल फिरवा. प्रत्येक ठिकाणी मोठ्याने एक ते दहा मोजा, आणि दहा म्हटलं की खरंच थांबा. "झालं झालं" म्हणत आणखी घासलं की मुलाचा आकड्यांवरचा विश्वास उडतो, आणि दुसऱ्या दिवशी मोजण्याचा काहीच उपयोग राहत नाही. सगळं मिळून मिनिटभर लागतं. रडताना तोंड मोठं उघडतं, तेव्हा दाढांचा वरचा भाग घासून घ्या. नाक दाबायचं नाही, जबडा दाबून उघडायचा नाही. "डॉक्टर सुई टोचतील" हे तर मुळीच नको, ते मूल उद्या माझ्याच समोर बसणार असतं. संपलं की लगेच उठवून कुशीत घ्या. चूळ भरायची गरज नाही, उरलेली पेस्ट ओल्या फडक्याने पुसा.

पेस्टबद्दलही मी पूर्वी वेगळं सांगायचे: थुंकता येईपर्यंत फ्लोराइड नको. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ साली पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट वापरायला सांगितलं, तेव्हा मी बिचकले होते. मग हिशोब केला. पेस्टच्या ट्यूबवरचं १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) म्हणजे एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तांदळाएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. दोन्ही वेळची सगळी गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी थोडं. ब्रशच्या लांबीभर पेस्ट पिळलेली जाहिरातीत दिसते, तेवढी कधीच नको. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ट्यूब मात्र मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नका. किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं की धोका धरतात. १० किलोच्या मुलासाठी ते ५० मिलिग्रॅम होतं, म्हणजे १०० ग्रॅमची अर्धी ट्यूब. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी पाणी तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पिण्याचं पाणी बदलणं पेस्टपेक्षा निकडीचं आहे.

मशेरी मुलाच्या बोटाला लावू नका, कौतुकानेही नाही. तो भाजलेला तंबाखू आहे.

तोंड आलेलं असेल, फोड असतील, तर दोन-चार दिवस ओल्या मऊ फडक्यावर भागवा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको, पाणी पाजा आणि अर्धा तास जाऊ द्या. आणि ज्या मुलाला केस धुणं, नखं कापणं, नवा घास, कपड्याचं लेबल, असं सगळंच असह्य होतं, त्याच्यावर माझं "रडत असलं तरी घासा" लावू नका. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे मुलाला अशा रोजच्या गोष्टी हळूहळू सोसायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाची, मदत घ्या. ब्रश ओठांपाशी, मग ओठांवर, मग एका दातावर, असं आठवड्याआठवड्याने पुढे जावं लागतं. तोवर दात किडले तर? काही वेळा किडतात. अशा मुलांच्या दातांवर मी दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांना चिकटून राहणारा लेप, लावते. ते ब्रशची जागा घेत नाही, थोडा वेळ मिळवून देतं.

परवाच एका आईने विचारलं, "सगळं तुम्ही सांगितलंत तसंच करतोय. पट्टीवर बोट, जेवण झाल्यावर लगेच, दहा आकडे. दोन महिने झाले, अजून रडते. आणखी किती दिवस?" मी मुलीचा ओठ उचलून बघितलं. चारही दात स्वच्छ होते, पांढरी रेघ कुठेच नव्हती. आईने तिथे बघितलंच नाही. ती मुलीच्या डोळ्यांकडे बघत होती. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नव्हता. मी तिला सकाळचा ब्रश महिनाभर पूर्ण मुलीच्या हातात द्यायला सांगितलं, आणि रात्रीचा तसाच चालू ठेवायला.