तेलाचे पन्नास घडे आणि नेमियाची दोरी

'धावपटूंना कपडे घालता येतील का?' हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. टेबलावर कॉफी येण्याआधीच येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

समोर दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीज भागातल्या एका ऑलिव्ह तेल कंपनीचे वयस्कर मालक, परदेशी विक्री बघणारी त्यांची मुलगी आणि हिशेबनीस. आमच्या बाजूला निर्माता, पुरातत्त्व सल्लागार, घुमटाचं तंत्र सांभाळणारा सहकारी आणि प्रायोजकांचे प्रस्ताव बांधणारं माणूस म्हणून मी. जागा नेमिया, अथेन्सहून मोटारीने दीडेक तासावर. तिथे भाड्याच्या गोदामात दहा मीटर व्यासाचा घुमट उभा करायचा होता, तारांगणात असतो तसा. खुर्च्या 48, चित्रपट 20 मिनिटांचा, विषय प्राचीन ग्रीक मैदानी स्पर्धा. मुख्य प्रायोजकाकडून आम्हाला पावणेदोन लाख युरो हवे होते.

ऑलिंपिया सोडून नेमिया का, हे प्रत्येक प्रायोजक विचारतो. ऑलिंपियाच्या 27 वास्तूंची डिजिटल पुनर्रचना 2021 मध्ये ग्रीक संस्कृती मंत्रालय आणि मायक्रोसॉफ्टने मिळून केलेली आहे; त्याच वाटेने पुन्हा जाण्यात अर्थ नाही. दुसरं कारण रोकडं आहे. पाच वर्तुळं आणि 'ऑलिंपिक' हा शब्द कायद्याने राखीव आहेत. प्रायोजकाने आपल्या डब्यावर चुकून जरी ते छापलं, तरी वकिलाची नोटीस येते. नेमियावर असं कुणाचं कुंपण नाही. आणि दाखवण्यासारखं इथे भरपूर आहे: इ.स.पू. 573 पासूनची स्पर्धांची परंपरा, दगडी आरंभरेषा शाबूत असलेलं स्टेडियम, खेळाडू ज्यातून मैदानात उतरत तो सुमारे 36 मीटरचा कमानदार बोगदा. त्याच्या भिंतीवर खेळाडूंनी कोरलेली नावं आजही वाचता येतात. एकाने कोरलंय, 'आक्रोटाटोस देखणा आहे'. शेजारी दुसऱ्या हाताने शेरा मारलाय, 'लिहिणाऱ्याच्या मते'. हा बोगदा आम्ही प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ठेवतो. तेवीसशे वर्षांपूर्वी पाळीची वाट बघत थांबलेल्या पोरांची गंमत कुणालाही लगेच कळते, त्याला तज्ज्ञ लागत नाही.

कपड्यांआधी मुलीने मशाल मागितली होती. बहुतेक प्रायोजक तीन गोष्टी मागतात: मशाल, पाच वर्तुळं आणि मॅरेथॉन. तिन्ही आधुनिक. ऑलिंपियाहून ज्योत नेण्याची प्रथा 1936 च्या बर्लिन स्पर्धांपासूनची, वर्तुळं 1913 मध्ये आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ यांनी काढलेली, आणि मॅरेथॉन ही शर्यत म्हणून 1896 मध्ये जन्माला आली. प्राचीन काळी मशालीची शर्यत होती, पण ती अथेन्समध्ये, वेगवेगळ्या कुळांच्या संघांमध्ये. हे तिथल्या तिथे स्पष्ट सांगावं. 'बघू, बसवता येईल' असं म्हणून पुढे ढकललं की करार होईपर्यंत ती मागणी वचन होऊन बसते.

आता कपडे. मुलीचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. चित्रपट शाळांना दाखवायचा आहे, आणि 1996 पासून नेमियात ज्या पुनरुज्जीवित स्पर्धा होतात त्यांत लोक अनवाणी, पण पांढरा खितोन, म्हणजे ग्रीक अंगरखा, घालून धावतात. मग चित्रपटात तसं का नको? आमच्या सल्लागार बाईंनी शांतपणे सांगितलं की खितोन ही आजच्या लोकांसाठी केलेली सोय आहे. ग्रीक धावपटू उघडेच धावत. 'जिम्नॅशियम' या शब्दातच 'गिम्नोस', म्हणजे नग्न, आहे. चित्रपटात त्यांना कपडे चढवले, तर प्रेक्षक जे खरं बघायला येतो तेच आपण खोटं दाखवतो. आणि मग तुमचं नाव त्या खोट्यावर छापलं जाईल.

तोडगा आम्ही घेऊन गेलो होतो, तो पुराव्यातूनच आला होता. अथेन्सच्या पॅनाथेनाइक स्पर्धांत बक्षीस म्हणून तेलाने भरलेले मोठे दोन-कानी घडे देत. एका बाजूला शस्त्रधारी अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तो खेळ, तांबूस मातीवर काळ्या आकृत्यांनी काढलेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इ.स.पू. 530 च्या सुमाराचा असा एक घडा आहे, यूफिलेटोस चित्रकाराच्या नावे ओळखला जाणारा. त्यावर पाच धावपटू आहेत, मांड्या भरदार, हात जोरात झोकलेले. हात असे झोकलेले असले की ती आखूड धाव. लांब पल्ल्याच्या चित्रांत कोपरं अंगाशी धरलेली असतात. धावण्याचा भाग याच काळ्या आकृत्यांत घुमटावर चालवायचा असं आम्ही ठरवलं होतं. उघडं शरीर राहतं, पण छायेसारखं. शाळेच्या मुख्याध्यापकांना अडचण होत नाही आणि इतिहासाला धक्का लागत नाही. शिवाय या संग्रहालयाने 2017 पासून आपल्या मालकीच्या, स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं वापरायला मोकळी केली आहेत. इतर संग्रहालयांकडून एकेका चित्राची परवानगी आणण्यात महिने जातात, आणि परवानगी बऱ्याचदा ठरावीक वर्षांपुरतीच असते. घुमट दहा वर्षं चालवायचा असेल, तर ही अट आधी वाचावी.

हिशेबनिसांनी विचारलं, 'वीस मिनिटांना एवढा पैसा कशाला?' इथे आकडेच मांडावे लागतात. साध्या पडद्यावर सेकंदाला 24 किंवा 30 चौकटी, म्हणजे फ्रेम, पुरतात. घुमटावर जवळून धावणारा माणूस सेकंदात 90 अंश ओलांडतो. 30 चौकटींच्या वेगाला तो दर चौकटीत तीन अंश उडी मारतो, डोळ्याला ठेचा लागतात. 60 चौकटी घेतल्या की उडी दीड अंशावर येते. पण मग वीस मिनिटांच्या 72,000 चौकटी होतात. पूर्ण त्रिमितीय, चार हजार पिक्सेल रुंद आणि तितकीच उंच अशी एक चौकट तयार करायला एका संगणकाला 20 मिनिटं धरली, तर 24,000 तास. पन्नास संगणक लावले तरी रात्रंदिवस 20 दिवस, आणि त्यात एक चूक सापडली की तो भाग पुन्हा. काळ्या आकृत्यांना प्रकाश-सावलीचं गणित नसल्याने एका चौकटीचा वेळ काही मिनिटांवर येतो. कॅमेरा धावपटूबरोबर पळवायचा मोहही आवरावा लागतो. घुमटात क्षितिज हललं की पाच मिनिटांत मुलांना मळमळतं. म्हणून आम्ही कॅमेरा आरंभरेषेच्या दगडावर खिळवला आहे. धावपटू समोरून दूर जातात आणि 178 मीटरची सगळी पट्टी डोळ्यांसमोर पसरते.

मालक इतका वेळ गप्प होते. सल्लागार बाईंनी बक्षिसांचा शिलालेख काढला तेव्हा ते पुढे झुकले. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या त्या अथेन्सच्या यादीत मुलांच्या स्टेडियन, म्हणजे पट्टीच्या एका लांबीच्या, शर्यतीत पहिल्याला 50 घडे तेल, दुसऱ्याला 10. घड्यात 38-39 लिटर मावतं. हिशेबनिसांनी कागदावर मांडलं: पाच लिटरचे जवळजवळ चारशे डबे. 'एका पोराला?' मालकांनी विचारलं. हो, एका पोराला, आणि ते तेल अथेनाच्या पवित्र झाडांचं. एवढं तेल घरी वापरायला नव्हे, विकायला. घडा हीच त्या तेलाच्या अस्सलपणाची खूण. खेळाडू तेल अंगाला चोळत, वर धूळ घेत, आणि शेवटी धातूच्या वाकड्या पात्याने ते सगळं खरवडून काढत. ते खरवडलेलं तेल औषध म्हणून विकलं जाई. कुस्तीची जागा कुदळीने खणून मऊ करत. आपल्याकडे तालमीतला हौदा खणून तेल, हळद, ताक घालून माती तयार करतात, ते बघितलेल्याला हे परकं वाटणार नाही.

मग सगळे अंगणात आलो. दिवस खरा तिथे ठरला.

प्राचीन धावपट्टीवर परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही, म्हणून हिस्प्लेक्सची दोन धावकांपुरती प्रतिकृती आम्ही अंगणात बसवली होती. हिस्प्लेक्स म्हणजे शर्यत सुरू करण्याचं यंत्र. नेमियाच्या आरंभरेषेत त्याच्या खाचा सापडल्यावर स्टीफन मिलर आणि पानोस वालावानिस या पुरातत्त्वज्ञांनी 1993 मध्ये त्याची पुनर्रचना केली. रेषेच्या दोन्ही टोकांना कंबरेएवढे खुंट असतात. खुंटाचा बुंधा पिळलेल्या दोरांच्या जुडग्यात अडकवलेला, आणि तो पीळ खुंटाला पुढे आपटायला बघत असतो. खुंट उभा धरते ती माथ्यावरची कडी. कडीची दोरी मागे, धावकांच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. दोन खुंटांमध्ये दोन दोर ताणलेले, एक गुडघ्याशी, एक कंबरेशी. मागच्याने झटका दिला की दोन्ही खुंट एकदम जमिनीवर, दोर पायांपुढे सपाट, वाट मोकळी. आधी झेप घेणारा दोरात अडकतो. पंच मागे असल्याने त्याच्या हाताकडे बघून कुणालाही घाई करता येत नाही.

सकाळी दोनदा चाचणी घेतली होती आणि दोन्ही वेळा डावा खुंट उशिरा पडला. जुडगी नायलॉनची होती. नायलॉन ताणाखाली हळूहळू सैल पडतं, त्यात डाव्या बाजूवर ऊन येत होतं. खुंट मागेपुढे पडले की दोर तिरका उतरतो आणि एका धावकाला अर्धं पाऊल फुकट मिळतं. हे टाळायलाच यंत्र केलेलं असल्याने तसं दाखवण्यात अर्थ नव्हता. फेरे मोजून पीळ सारखा होत नाही, कारण दोराची जात आणि ओल बदलते. विट्रुवियस या रोमन स्थापत्यकाराने पिळलेल्या दोरांवर चालणाऱ्या गोफणयंत्रांबद्दल लिहिलंय की दोन्ही जुडग्यांचा आवाज एक आला की ताण एक. आमच्या तंत्रज्ञाने मालकांसमोरच डावं जुडगं पाव फेरा आवळलं, बोटाने छेडलं, उजवं छेडलं. खालचा, घोगरा सूर. पुन्हा थोडं आवळलं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळताना मधली थरथर नाहीशी होते, तशी ती नाहीशी झाली. मालकांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनाही ऐकू आलं होतं.

मग त्यांची मुलगी आणि हिशेबनीस दगडी पट्टीच्या खाचांत पायाची बोटं रोवून उभे राहिले, प्राचीन पद्धतीने, हात पुढे करून. दोरी मालकांच्या हातात. आम्ही त्यांना 'आपिते', म्हणजे 'निघा', हा शब्द सांगितला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगी अधीर होऊन झुकली आणि कंबरेच्या दोरावर रेलली. त्याच क्षणी त्यांनी ओरडून झटका दिला. दोन्ही खुंट एकाच आवाजात जमिनीला भिडले. धूळ उडाली. कुणी धावलंच नाही. दोघं खाली दोराकडे बघत उभे होते.

परत आत आल्यावर कपड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. निघालं ते तेलाच्या घड्यावर कंपनीचं नाव काढण्याचं. त्याला आम्ही नाही म्हणालो, पण समोर एक जुनी वाट ठेवली. ग्रीकमध्ये प्रायोजकाला आजही 'खोरिगोस' म्हणतात, प्राचीन अथेन्समध्ये नाटकांच्या आणि गायनस्पर्धांच्या गायकवृंदाचा खर्च उचलणाऱ्या श्रीमंत नागरिकाचा तोच शब्द. अशा एका खर्चकर्त्याचं, लिसिक्रॅटिसचं, इ.स.पू. 334 च्या सुमाराचं स्मारक अथेन्सच्या प्लाका भागात उभं आहे, नाव कोरलेलं. ते नाव प्रयोगात नव्हतं, प्रयोगाबाहेर होतं. कंपनीचं नावही घुमटाच्या दारावर, दगडात, तितक्याच अक्षरांत असेल.

उरलेला तास कागदांचा. 2007 चा 3525 क्रमांकाचा कायदा सांस्कृतिक प्रायोजकत्वासाठीच आहे आणि त्यातून करसवलत मिळू शकते. पण आमच्या वकिलांचा नियम असा की आधी मंत्रालयाची मान्यता, मगच पैसा. उलट केलं की सवलत हातची जाते आणि प्रायोजकाचा विश्वासही. हप्ते चार ठरले: करारावर 40 टक्के, पटकथेला सल्लागारांची मान्यता मिळाल्यावर 30, पहिल्या पूर्ण चाचणी-खेळावर 20, उद्घाटनानंतर 10. नेमियाच्या वाइन उत्पादकांकडूनही पैसा मिळू शकला असता, पण शाळांच्या चित्रपटावर मद्याचं नाव आम्ही घेत नाही. तेलवाल्यांनी ते स्वतःहून विचारून खात्री करून घेतली.

रक्कम पूर्ण आली नाही. सव्वा लाखावर ते थांबले. मसुद्यात मालकांनी हाताने एक कलम घातलं: अंगणातली प्रतिकृती काढायची नाही, चित्रपट बघून आलेल्या मुलांना ती चालवू द्यायची, आणि दोर बदलायचा खर्च कंपनीचा. नायलॉन काढून आम्ही आता वळलेला सुती दोर घातला आहे. तो दर दीड महिन्याने बदलावा लागतो, आणि रोज सकाळी दार उघडण्याआधी कुणीतरी दोन्ही जुडगी छेडून सूर जुळतोय का ते ऐकतं.