शाईत सोडलेलं वंगण

आमचं साप्ताहिक खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलं जायचं, तेव्हाची गोष्ट. अंक चार पानांचा, पण लोक आधी मागचं पान उघडत: निधनवार्ता, बाजारभाव, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या.

त्या रात्री कडाक्याची थंडी होती. शाई इतकी घट्ट झाली, की रुळांवर पसरेना आणि कागदाचे तंतू उपटून आणू लागली. अशा वेळी डबा उबेला ठेवायचा, नाहीतर शाईत पातळ वार्निश घोटायचं. वार्निश संपलं होतं आणि थांबायला मला धीर नव्हता. यंत्राच्या वंगणाची बुधली उचलली आणि शाईत धार सोडली. पहिले शंभर कागद सुरेख उतरले, म्हणून पुढचे मी पाहिलेच नाहीत.

खिळ्यांच्या छपाईच्या शाईत तेल असतंच. पाण्यातली शाई धातूच्या खिळ्यावर नीट धरत नाही; १५व्या शतकात गुटेनबर्गनेही तेलातलीच शाई वापरली. पण जवसाचं उकळलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, काजळीला कागदावर धरून ठेवतं. वंगण तसं वाळत नाही. ते कागदात झिरपत राहतं. अक्षराभोवती पिवळट कडा उमटते, पाठचा मजकूर पुढे दिसू लागतो आणि अक्षरांची पोटं बुजतात.

दोन दिवसांनी एक काका अंक घेऊन आले. पाण्याच्या पाळीच्या वेळेतल्या एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "दादा, हा एक आहे का नऊ?"

मलाही सांगता येईना. आकड्याची गाठ भरून नुसता काळा ठिपका उरला होता. त्यांनी १ वाचला होता. रात्री एकला फावडं घेऊन पाटावर गेले, तेव्हा पाणी दुसऱ्याच्या रानात वळलेलं होतं. पीक फुलोऱ्यात, आणि पाळी हुकलेली.

फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेल्या खिळ्यांचं पान, अजून सोडला नव्हता. रॉकेलच्या चिंधीने तो पुसला आणि उलटा आकडा वाचला. ९ होता. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने बरोबर जुळवलं होतं. घाण मी केली होती.

चांगल्या शाईने तेवढा रकाना पुन्हा छापला आणि काकांबरोबर पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याकडे गेलो. "चूक छापखान्याची आहे, यांची नाही," एवढंच म्हणालो. त्याने दोन्ही कागद बॅटरीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले, बराच वेळ पाहिले आणि यादीच्या तळाशी काकांचं नाव लिहून घेतलं. पहाटे पाणी आलं. तोवर मी बांधावरच थांबलो होतो.