मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला

पुण्यात नदी ही पुलावरून ओलांडायची गोष्ट आहे. लकडी पूल असो नाहीतर म्हात्रे पूल, वास आला की आपण रुमाल लावतो, गाडी पुढे काढतो आणि ऑफिसला पोचेपर्यंत विसरतो. हा वास पुढे कुठे जातो ते बघायचं म्हणून मी आणि माझा मावसभाऊ नदीच्या काठाकाठानं निघालो. तो सिव्हिल इंजिनिअर, सांडपाण्याच्या कामांतच उमेदीची वर्षं घातलेला. मला नदी पार भीमेला मिळेपर्यंत बघायची होती, त्याला थेऊरच्या चिंतामणीचं दर्शन घ्यायचं होतं. बाइक त्याची, पेट्रोल माझं.

खडकवासला सकाळीच उरकलं. पाणी नितळ, कणसं छान, गर्दी असह्य. विठ्ठलवाडी, संगम, बंडगार्डन सगळं एका दमात मागे टाकलं. मुंढव्याच्या पुलावर मात्र भावानं गाडी थांबवली. शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी इथल्या जॅकवेलमधून उचलतात आणि साडेसतरा नळीपाशी बेबी कालव्यात शेतीसाठी सोडतात. योजनेतला आकडा वर्षाला साडेसहा टीएमसीचा, म्हणजे साडेसहा अब्ज घनफुटांचा आहे. पुलाखाली जे वाहत होतं त्यावर मात्र कसलीही प्रक्रिया झाल्यासारखं दिसत नव्हतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत मुंढवा पूल ते थेऊर हा पट्टा नावानिशी आहे. म्हणजे आमचा पुढचा सगळा रस्ता त्या यादीतूनच जाणार होता.

मांजरीपासून पात्रभर जलपर्णी. एक बगळा या काठाकडून निघाला आणि पाय न भिजवता जवळजवळ मध्यापर्यंत चालत गेला. वाटेत एका रिसॉर्टमध्ये जेवायला थांबलो. नदीकडच्या बाजूला बसायचे जास्त पैसे, आणि त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या कायमच्या बंद. पिठलं गार होतं. तिथं पुन्हा जाणार नाही.

थेऊरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आडवार असल्यानं देऊळ शांत, दोन मिनिटांत दर्शन झालं. माधवरावांनी बांधलेल्या लाकडी सभामंडपात बसलं की उठवत नाही. क्षयानं खंगलेले माधवराव अखेरच्या दिवसांत इथं येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला इथंच गेले. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या, त्यांचं वृंदावन नदीकाठी आहे. त्या काळी आजारी माणसाला हवापालट म्हणून आणावं अशी ही जागा होती.

वृंदावनावर वाहायला मी देवळापाशी फुलं घेतली होती. आधी ती ओली करावीत म्हणून घाटावर उतरले आणि खालच्या पायऱ्यांवर पाय थबकला. फेसाचे गोळे वाऱ्यानं सुटे होऊन दगडावर येत होते. फुटले की खाली राखाडी डाग राहायचा. पाण्याच्या जुन्या रेघेवर दगड काळाभोर होता, रेघेखाली बुळबुळीत तपकिरी थर. नीट बघितलं तर तो थर हलत होता. केसाएवढे बारीक, लालसर किडे, शेकड्यांनी, अर्धे चिखलात आणि अर्धे वर डुलत. भाऊ मागून म्हणाला, "पाण्यात ऑक्सिजन उरला नाही की मासे मरतात, हे तगतात."

तरी मी वाकले. तेवढ्यात वरून आवाज आला.

"पोरी, हात नको घालू त्यात. खाजतंय मग रात्रभर."

वरच्या पायरीवर एक आजी शेण्यांची पाटी उतरवून बसल्या होत्या. फुलं कशाला, ते मी सांगितलं. त्या काही न बोलता उठल्या, काठावरच्या घरात गेल्या आणि स्टीलच्या तांब्यातून पाणी घेऊन आल्या. जारचं पाणी. वीस लिटरचा जार, तीस रुपयांना, दिवसाआड घरपोच. भरल्या नदीच्या काठावर राहणाऱ्या बाईनं विकतचं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं आणि त्या पाण्यानं भिजवलेली फुलं मी वृंदावनावर वाहिली. तेव्हापासून तो तांब्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आजी बसल्या, आम्हीही बसलो. त्या म्हणाल्या, "माझं लगीन झालं तवा ह्याच पायरीवर धुणं, ह्याच पायरीवरनं पाणी. लेकरं हितंच पवाय शिकली." आता? "आता म्हशीबी तोंड लावत न्हाईत." विहीर आहे, पण तिच्या पाण्यालाही तोच वास. मुलाच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह जलपर्णीच्या मुळांनी सारखा चोंदतो, मग कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यालाच साफ करावा लागतो, आणि त्याच्या पायांवरचे चट्टे जात नाहीत. "तुमी कुठल्या?" मी म्हटलं, पुण्याच्या. "मग तुमचंच हाय की ह्ये," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

आजी शेण्या घेऊन गेल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हशी तोंड लावत नाहीत, हे वाक्य कोर्टात गेलेलं आहे. १८५८ साली." आणि त्यानं बर्मिंगहॅमची हकिगत सांगितली. शहरानं आपली गटारं टेम नदीत सोडली. खालच्या अंगाला काही मैलांवर चार्ल्स अ‍ॅडर्ली नावाच्या जमीनदाराची इस्टेट होती. नदीतले मासे मेले, गुरांना पाणी पाजता येईना, मेंढ्या धुता येईनात. तो कोर्टात गेला. शहराचं म्हणणं असं, की आमच्याकडे अडीच लाख माणसं आहेत, गटारं तुंबवली तर गावभर साथ पसरेल, एका माणसाच्या सोयीसाठी एवढ्या लोकांचा जीव धोक्यात घालायचा का? न्यायाधीश पेज वुड यांनी हा हिशेब मानला नाही. खालच्या माणसाचा हक्क हा हक्कच आहे, शहराला तो मोडायचा असेल तर पार्लमेंटकडून तसा अधिकार आणावा, आणि तोवर नदीत घाण सोडायची नाही असा मनाईहुकूम दिला. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं बर्मिंगहॅमला सांडपाण्यासाठी जमिनी आणि टाक्या शोधत फिरावं लागलं.

अ‍ॅडर्ली जमीनदार होता, वर खासदार. त्याच्याकडे वकील होता. आजींकडे तांब्या आहे. पण नद्या साफ करायची सुरुवात कुठून झाली हे बघायचं तर ती अशा खालच्या माणसापासूनच झालेली दिसते. वर राहणाऱ्यांना फक्त घाण डोळ्यांआड झालेली हवी असते. लंडनचंच बघा. त्याच १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या वासानं पार्लमेंटचं कामकाज नकोसं झालं आणि घाईघाईनं पैसे मंजूर झाले. बॅझलजेट या इंजिनिअरनं नदीकाठानं थोरली गटारं बांधली. काम इतकं पक्कं की ती आजही वापरात आहेत. पण ती घाण साफ करत नव्हती, शहराच्या पूर्वेला नेऊन बेक्टन आणि क्रॉसनेसला तशीच नदीत ओतत होती. ३ सप्टेंबर १८७८ ला त्याच भागात 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही प्रवासी आगबोट दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. साडेसहाशेच्या आसपास माणसं गेली, आणि ती पडली ती नुकत्याच सोडलेल्या मैल्यात. त्यानंतर कुठे चौकशी आयोग बसला आणि गाळ वेगळा काढायचं ठरलं. तो गाळ १८८७ पासून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकत, आणि हे पार १९९८ पर्यंत चाललं. मला हे ऐकताना मुंढव्याचा पूल आठवत होता. नळ मोठा केला की घाण पुढच्या गावाची होते, एवढंच.

मी विचारलं, नदी किती घाण हे ठरवतं कोण? भावाचं हे आवडतं प्रकरण. इंग्लंडात १८९८ साली सांडपाण्यावर रॉयल कमिशन बसलं, १९१५ पर्यंत चाललं. त्याच्या १९१२ च्या अहवालात ठोस आकडा आला: नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत, तरंगता गाळ ३० च्या आत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो. बाटली बंद करून पाच दिवस ठेवायची आणि किती खाल्ला ते मोजायचं. पाचच दिवस का, तर तिकडच्या नद्या साधारण तेवढ्यात समुद्राला मिळतात. आपल्याकडे उष्णता जास्त, म्हणून २७ अंशांना तीन दिवस ठेवतात. आंघोळीच्या नदीत हा आकडा ३ च्या आत हवा. फक्त ३. पायरीवरचे ते लाल किडे बघून मला प्रयोगशाळेची गरज वाटली नाही, पण कोर्टाला वाटते, म्हणून आकडा महत्त्वाचा.

उपायही नवा नाही. मँचेस्टरच्या डेव्हीहल्मला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून बघितली, खाली बसलेला जिवंत गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, आणि जे पाणी साफ व्हायला आठवडे लागायचे ते काही तासांत झालं. १९१४ साली त्यांनी तो निबंध वाचला. त्यांच्यामागे ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्या दारात येऊन शंभर वर्षं उलटली. महाराष्ट्रानं तर जलप्रदूषणाचा कायदा देशाच्या आधी, १९६९ सालीच केला. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमलं, केंद्राचा कायदा १९७४ चा. पुण्यासाठी २०१६ मध्ये जायका या जपानी मदतसंस्थेच्या साह्यानं ११ शुद्धीकरण प्रकल्पांचा ९९० कोटींचा करार झाला. कायदा आहे, विद्या आहे, पैसाही मंजूर आहे, आणि थेऊरला अजून जार येतो. याचा मला संताप येतो, आणि तो इथं लिहायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी रांजणगाव सांडसला गेलो, जिथं मुळा-मुठा भीमेला मिळते. रस्ता खराब, चहा उत्तम, गावातली माणसं हाक मारून बसवणारी. तिथून हे पाणी उजनीत जातं आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. माझी आत्या सोलापूरला असते. तिला फोन लावला तर म्हणाली, "आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं बाई, आलं की आधी उकळायला ठेवते." पुण्यातला माझा नळ रोज येतो.

भावाशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. नदीच्या पाण्याचे नमुने सरकारी यंत्रणा नियमित घेते, आकडे कागदावर असतात. ते दर महिन्याला थेऊरच्या घाटावर, पायरीजवळ, मोठ्या अक्षरांत मराठीत लावावेत असा अर्ज करायचा. खालच्या गावांनी कधी दाद मागायची ठरवली तर त्यांच्या हाती आकडे तरी असतील. आजींच्या मुलानं सही करतो म्हणून सांगितलंय. ग्रामपंचायतीत बोलायला मी पुन्हा जाणार आहे. चतुर्थीला नाही, त्या दिवशी गाडी लावायलाही जागा मिळत नाही. मधल्या वारी सकाळी लवकर निघू. काठावर कुणाचं शेत किंवा घर असेल तर त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन यावं.