पूर्ण एक मिनिट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आमच्या नर्सिंगच्या शाळेतून फोन आला आणि होस्टेल, मेस, दिवा लावून शपथ घेण्याचा लॅम्प लायटिंगचा कार्यक्रम, केसबुकं पूर्ण करण्याची धावपळ असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यावर माझ्या बॅचच्या मैत्रिणी माझ्यापेक्षा छान लिहितील. मला एका साध्या गोष्टीबद्दल लिहायचंय. या शाळेने मला माणसाचा श्वास मोजायला शिकवलं. नर्स म्हणून आजवर जे काही हातून झालं, त्याचा पाया तिथे आहे असं मी मनापासून मानते.

२००५ साली मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला आले. तेव्हा हा कोर्स इंटर्नशिपसकट साडेतीन वर्षांचा होता. पुरंदर तालुक्यातलं गाव, मराठी माध्यमातून बारावी. आत्याचा सक्त विरोध होता. रात्रीची ड्युटी, परक्या माणसांचं सगळं करायचं, उद्या हिला कोण करून घेणार? वडील एवढंच म्हणाले, "शिकू दे तिला. कुणापुढे हात पसरायची वेळ नको यायला." पुस्तकं सगळी इंग्रजीत. अ‍ॅनाटॉमीचं एक पान वाचायचं तर शेजारी डिक्शनरी उघडी ठेवावी लागायची. पहिल्या परीक्षेपर्यंत तेही अंगवळणी पडलं.

पहिल्याच आठवड्यात एका मॅडमनी आम्हाला सावित्रीबाई फुल्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ ला गेल्या. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण मिळावं म्हणून किती खटपट केली, तेही त्यांनी सांगितलं. त्या काळातल्या विधवा बायकांनी लोकांची बोलणी खात हे काम शिकून घेतलं होतं. आत्याचे शब्द कानात घेऊन आलेल्या मला त्या तासाने फार बळ दिलं. हे इतिहासाचे तास अजूनही होतात ना, एवढंच विचारावंसं वाटतं.

आता श्वासाबद्दल. नर्सिंगच्या मूलभूत गोष्टी शिकवणाऱ्या, फंडामेंटल्सच्या मॅडम टीपीआर शिकवत होत्या. टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांनाच पटकन जमतात. तिसरीसाठी मॅडमनी आम्हाला एकमेकींसमोर बसवलं. "नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. पेशंटचा हात त्याच्या छातीवर ठेवा, बोटं मनगटावरच राहू द्या. त्याला वाटलं पाहिजे, सिस्टर अजून नाडीच बघतेय. आपला श्वास कुणीतरी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो." मग नजर छातीवर. छाती वर गेली, खाली आली, एक. सेकंदकाटा पूर्ण फिरेपर्यंत. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं मॅडमना मुळीच चालत नसे. श्वास एका लयीत आहे की मध्येच थांबतोय, मानेचे स्नायू ओढले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, हे सगळं त्या एका मिनिटात बघायचं असे.

वॉर्डात गेल्यावर पहिल्या वर्षाच्या आमच्या एका मैत्रिणीने रांगेतल्या सगळ्या चार्टवर श्वास २० लिहिला. मॅडमनी चार्ट चाळले आणि शांतपणे विचारलं, "या वॉर्डातली सगळी माणसं एका तालावर श्वास घेतायत का?" रागावल्या नाहीत. तिच्याबरोबर प्रत्येक खाटेपाशी उभ्या राहून त्यांनी सगळ्यांचे श्वास पुन्हा मोजून घेतले. कुणाचा १४ भरला, कुणाचा १८, खिडकीजवळच्या दम्याच्या मावशींचा २८. त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच कळलं, की चार्टवरचा आकडा हा माणसाबद्दल दिलेला शब्द असतो.

दुसऱ्या वर्षी कम्युनिटी पोस्टिंगला पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत जायचो. चढाच्या गल्ल्या, एकाला एक लागून घरं, दारात पाण्याची पिंपं. एका घरात आईच्या मांडीवर वर्षाच्या आतलं लेकरू होतं. "ताई, रात्रीपासून पोट लई उडतंय त्याचं," ती म्हणाली. बाळ रडत होतं. रडत्या बाळाचा श्वास मोजायचा नसतो, म्हणून आधी त्याला पाजायला सांगितलं. शांत झाल्यावर झबलं वर करून मोजला. ५८ भरला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास, न्यूमोनियाची शंका घ्यायची. हे आम्हाला पाठ होतं. पण बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ट्यूटर मॅडमनी रिक्षा थांबवली, आईला आणि बाळाला घेऊन आम्ही थेट हॉस्पिटल गाठलं. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही, नुसत्या सेकंदकाट्यावर ते बाळ वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचलं. पुढच्या भेटीला ते उंबऱ्यात बसून बिस्किट चोखत होतं.

पोस्टिंग पुष्कळ झाली. येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगने माझी भीती घालवली. पालखी मुक्कामाला आली की नाना पेठेत, भवानी पेठेत वारकऱ्यांच्या पायांचं ड्रेसिंग करायला जायचो. फोड फुटलेल्या तळव्यांना स्पिरिट लागताच "माउली" म्हणत डोळे मिटून घेणारे आजोबा आठवतात. त्यावर एक वेगळा लेख होईल.

२००९ मध्ये महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं आणि शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात जनरल वॉर्डला लागले. शाळा आणि नोकरी यांत केवढं अंतर असतं ते तिथे कळलं. शिकताना एका पेशंटचा केअर प्लॅन लिहायला दिवस मिळायचा. इथे रात्री सगळ्या वॉर्डाला मी आणि एक मावशी. इंजेक्शनं, सलाइन बदलणं, नातेवाइकांचे प्रश्न, कुणाची कॅन्युला निघालेली, कुणाला बेडपॅन. पाचशे मिलीची बाटली आठ तासांत द्यायची तर एका मिलीला वीस थेंब पडणाऱ्या सेटला मिनिटाला २१ थेंब, हे गणित शाळेत वहीवर घातलं होतं. इथे टॉर्चच्या उजेडात, दुसरीकडून कुणी हाक मारत असताना घालायचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक शिकवण्याच्या रुग्णालयांत तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक नर्स असा आहे. तो परीक्षेत लिहून मार्क मिळवलेल्या आम्ही मुली त्याच्या कितीतरी पट पेशंट एकटीने सांभाळत होतो. याचा मला तेव्हा राग यायचा. आजही येतो.

अशाच एका रात्री खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. बीपी ठीक. नाडी थोडी जलद. ताप नावापुरता. विचारलं तर म्हणाले, "बरं आहे गं पोरी, तू त्या पलीकडच्याकडे बघ." चार्टवर आदल्या सगळ्या पाळ्यांत श्वास २०, २०, २०. मी त्यांचा हात त्यांच्या छातीवर ठेवला आणि मोजला. ३२. पुन्हा मोजला. ३२च. शरीराला ऑक्सिजन कमी पडू लागला की श्वास वाढतो. बीपी उतरतं ते पुष्कळ वेळा फार उशिरा, तोवर शरीर तग धरून असतं. आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. बीपी चांगलं आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "सकाळी बघू." मी म्हटलं, "सर, पूर्ण मिनिट मोजलाय, दोनदा. तुम्ही एकदा येऊन बघा." ते आले, आणि आल्यावर त्यांनी एक मिनिटही घालवला नाही. ऑक्सिजन लावला, एक्स-रे झाला, पहाटे आजोबा आयसीयूत होते. छातीत न्यूमोनिया पसरत होता. ते बरे होऊन वॉकर घेऊन घरी गेले. नव्या मुलीला डॉक्टरांना "या" म्हणायला जी हिंमत लागते, ती मोजलेल्या आकड्यातून येते. अंदाजे लिहिलेल्या वीसवर उभं राहून कुणालाच असं बोलता येत नाही.

त्याच वर्षी स्वाइन फ्लू आला. देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला. साथीच्या रोगांच्या नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा, शाळा बंद, तोंडाला रुमाल बांधलेलं अख्खं शहर. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्णही नायडूतच दाखल झाले, तोवर मी वॉर्डाची इन्चार्ज झाले होते. पीपीई किटमध्ये मनगटावरचं घड्याळ झाकलं जायचं, म्हणून वॉर्डात प्रत्येक रांगेसमोर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ लावून घेतलं. फोनवर मुलांशी नीट बोलणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन खाली गेलेला असायचा. आम्ही धुकं धरलेल्या गॉगलमधून छाती बघत मोजत राहायचो.

आता माझ्या वॉर्डात नवी मुलगी आली की पहिले तीन महिने तिला रात्री एकटी ठेवत नाही. त्यासाठी व्यवस्थापनाशी भांडावं लागतं, ते मी भांडते. रोज एक पेशंट तिने माझ्यासमोर मोजायचा, मी शेजारी उभी राहून मनात मोजते, मग दोघींचे आकडे ताडून बघायचे. आपल्या इंटर्न मुलींनाही पहिल्या रात्रपाळ्यांत अशी कुणीतरी सोबत हवी. आपण माजी विद्यार्थिनी पुण्यात इतक्या जणी आहोत, पाळीपाळीने हे सहज जमेल. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री यायला तयार आहे, तसं प्राचार्या मॅडमना कळवलंय. बाकीच्या मैत्रिणींनी आपापले वार ऑफिसात नोंदवावेत.