मिल लॅक्सवर आइस फिशिंग: "दहा इंच बर्फ आहे" एवढ्यावर जाऊ नका

काल रविवारी रात्री घरी पोचलो, पायाची बोटं अजून बधिर आहेत, पण पुढच्या वीकेंडला जाणारे दोन-तीन ग्रुप विचारतायत म्हणून झोपायच्या आधी लिहून टाकतोय. बर्फात भोक पाडून मासे धरायला जाणार असाल तर यंदाच्या म्हणजे 2023-24 च्या थंडीत मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावाच्या बर्फावर गाडी उतरवायची नाही. चालत जायचं तर स्वतः भोक पाडून, मोजत मोजत जायचं. बाकी नाही वाचलंत तरी चालेल.

मी आणि बायकोचा भाऊ, दोघंच होतो. ट्विन सिटीजहून (मिनियापोलिस-सेंट पॉल) 169 नंबरचा हायवे धरला की दोन तासांत पोचतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बर्फावर आत बसून मासे धरायची झोपडी फोनवर बुक केली होती, 140 डॉलर, दिवसभराचं भाडं, त्यातच बर्फावरच्या रस्त्याची फी आणि गाडी थेट झोपडीपर्यंत जाते असं सांगितलं होतं. मी दोनदा विचारलं, बर्फ किती? "दहा इंच, सगळीकडे दहा इंच."

तिथे गेल्यावर कळलं की गाड्या बंद. बंद ठेवल्या ते शंभर टक्के बरोबर केलं, पण मग आदल्या संध्याकाळी फोनवर तसं का नाही सांगितलं? आता एटीव्हीने (जाड चाकांची उघडी छोटी गाडी) सोडायचे माणशी 25, रस्त्याची फी वेगळी 20, हीटरचा गॅस 15, म्हणजे 140 चे झाले 225. आणि एवढे घेऊन एटीव्हीवाल्याने आम्हाला प्रेशर रिजच्या (बर्फ फुटून उठलेल्या वरंब्याच्या) अलीकडेच उतरवलं, पलीकडे तुम्ही चालत जा म्हणाला. पैसे देण्याआधी हे सगळं मेसेजवर लिहून घ्या, फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

आता तो रिजचा पट्टा. जेमतेम चारशे पावलं असतील, पण सगळी ट्रिप माझ्या डोक्यात तेवढीच राहिलीये. बर्फाचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर रेटले जाऊन मधे फुटक्या फरश्यांसारखा वरंबा उठलेला, त्याच्या बाजूला पाणी वर आलेलं, त्यावर लाकडी फळ्यांचा पूल टाकलेला. आठवडाभर धुकं आणि रिमझिम होती, थंडी म्हणावी अशी नाहीच. पुलापाशी जायच्या आधी मी पहार मारत चाललो होतो, पहिल्या घावाला ठक्क आवाज यायचा, इथे भसकन आवाज आला. थांबलो आणि गिरमिटाने भोक पाडलं.

बाही वर करून भोकात हात घातला. वरचे पाच इंच दुधासारखे पांढरे, नखाने खरवडले तरी भुगा निघतोय. त्याखाली बोटभर जाडीचा चिखलासारखा ओला थर. आणि त्याखाली चार इंच कडक, काचेसारखा बर्फ. टेप लावली तर दहा इंच भरतात, म्हणजे तो माणूस आकड्यात खोटं बोलला नव्हता. पण पांढरा बर्फ म्हणजे ओला स्नो नाहीतर पावसाचं पाणी परत गोठून झालेला, आत हवेचे बुडबुडे असतात, त्याची ताकद पारदर्शक बर्फाच्या निम्मी धरायची. मिनेसोटा डीएनआरचे (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे) आकडे, चालायला 4 इंच, स्नोमोबिलला 5 ते 7, छोट्या गाडीला 9-10, हे नवीन पारदर्शक बर्फाचे आहेत, पांढरा असेल तर दुप्पट लागतो. आणि मधे पाण्याचा थर असेल तर मी वरचं काहीच मोजत नाही, फक्त खालचं. म्हणजे आमच्या पायाखाली होते चार इंच, चालायला लागतात तेवढेच, आणि फोनवर त्यावर गाडी आणा म्हणत होते. म्हणून आकडा विचारू नका, "कुठला बर्फ" ते विचारा.

एवढं बघूनही आम्ही पुढे गेलो ही आमची चूक. पुलाच्या शेवटच्या फळीवरून उतरताना मेहुण्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. "भावोजी, पाय गेला!" एवढंच ओरडला. मी आडवा झालो, पहार पुढे केली, त्याने ती धरली आणि लोळत फळीवर आला. दोन-तीन सेकंदांचं काम, पण माझे हात अर्धा तास थरथरत होते. मी मालवणचा, लहानपणापासून होडीत बसलोय, पण होडीत पाणी समोर दिसत असतं, इथे ते पायाखाली लपलेलं असतं. कोरडे मोजे आणि जास्तीची पँट सोबत होती म्हणून निभावलं, तिथूनच मागे फिरलो, झोपडी बघितलीच नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

बर्फाची पिक्स (बर्फात रोवून वर यायला हातात धरायचे टोकदार खिळे) बॅगेत ठेवू नका, गळ्यात लटकवा, पाण्यात पडल्यावर बॅग कोण उघडणार? अंगात लाइफ जॅकेट हवंच. पडलातच तर पहिलं एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, मग हातपाय साथ देतात साधारण दहा मिनिटं, शुद्ध हरपायला तासभर लागतो, म्हणून घाबरून धडपडू नका. ज्या बाजूने आलात त्याच बाजूला वळा कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं, पिक्स रोवा, पाय मारत छाती वर काढा आणि उभं न राहता लोळत लांब जा. दर दीडशे फुटांवर नवीन भोक, नाल्याच्या तोंडाशी आणि रिजजवळ त्याहून लवकर. झोपडीत हीटर लावणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न्या.

आणि वाऱ्याचा अंदाज बघा. 29 डिसेंबरला मिनेसोटातल्याच अप्पर रेड लेक तलावावर बर्फाचा अख्खा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभरावर माणसं बाहेर काढावी लागली. जाडी पुरेशी असली तरी तुकडा सुटला की संपलं. मिल लॅक्स पण तसाच मोठा, उथळ, आडोसा नसलेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिल लॅक्सच्याच एका आतल्या खाडीत किनाऱ्यालगत बसलो, तिथे आठ इंच काचेसारखा बर्फ होता, थोडे पर्च मासे मिळाले, रवा लावून तळले, छान झाले.

या आठवड्यात पारा चाळीस फॅरेनहाइटच्या (साधारण साडेचार सेल्सिअस) वर जाणार म्हणतायत, तेव्हा मी तरी जात नाहीये. हाताने फिरवायचं गिरमिट, पहार आणि पिक्सचे दोन जोड माझ्याकडे पडून आहेत. ट्विन सिटीजच्या आसपास राहणारं कोणी जाणारच असेल तर आधी येऊन घेऊन जा, भाडं नको.