आठ नंबरचा दीड अंश

दुपारी अडीचला लाईट गेली आणि लेथ थांबले. पोरं डबे धुवायला गेली. आमचं वर्कशॉप साताऱ्याच्या एमआयडीसीत. शाफ्ट, बुश, पुली यापलीकडचं काम सहसा येत नाही. त्यामुळे अपशिंग्याचे एक रिटायर सुभेदार लांबुडकी पिशवी खांद्याला लावून आत आले, तेव्हा आधी वाटलं, बंदूक दुरुस्तीला आणली का काय.

पिशवीत गोल्फचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या दांड्या, होत्या. फौजेत साहेबलोकांच्या पिशव्या उचलता उचलता सुभेदार हा खेळ शिकले. निवृत्तीनंतर त्यांनी जुना सेट विकत घेतला. ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात मारत बसतात, अधनंमधनं पुण्याला जाऊन खेळतात.

"दोन वर्षं झाली, आठ नंबर घेतला की माझा हातच बिघडतो," ते म्हणाले. "सात बरा लागतो, नऊ बरा लागतो. आठच का ओ?"

मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनीच समजावलं. नंबर वाढेल तशी दांडी आखूड आणि तोंडाचा उतार जास्त, म्हणजे चेंडू उंच जातो आणि अलीकडं पडतो. लागोपाठच्या दोन नंबरांत साधारण चार अंशांचा फरक हवा. कोन म्हटल्यावर विषय आपला झाला.

दांडी व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यात धरली, कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला. सात नंबर 32 अंश. नऊ नंबर 40. आठ नंबर 36 च्या आसपास निघायला हवा होता, निघाला साडेतेहेतीस. पुसून परत मोजला. साडेतेहेतीसच. हे हत्यार पाच मिनिटांपर्यंत, म्हणजे अंशाच्या बाराव्या भागापर्यंत वाचतं, अडीच अंशांची चूक त्याची असणार नाही. मऊ लोखंडाचा घडीव क्लब कडक मुरमावर घाव बसून बसून वाकतो. आधीच्या मालकानं वाकवला की आमच्या रानानं, देव जाणे. नियमानं पिशवीत चौदाच क्लब ठेवता येतात, आणि त्यातले सात आणि आठ नंबर जवळजवळ एकच काम करत होते.

सुभेदार स्टुलावर बसले. "मग हात कशानं बिघडतो?"

मागच्या अंगणात मारून दाखवा म्हटलं. नऊ नंबर सुरेख फिरला. वजन डाव्या पायावर गेलं, पोट कंपाउंडच्या भिंतीकडं वळलं, उजवी टाच उचलली गेली. मग आठ नंबर. वर जाईपर्यंत तोच माणूस. खाली येताना मात्र हात मध्येच आवरला, वजन उजव्या पायावरच राहिलं आणि चेंडू ठेवायच्या जागेच्या चार बोटं मागं क्लब मातीत घुसला.

"आवरता का तुम्ही?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "लांब जाणार असं वाटतं. म्हणून जरा धरतो."

आमच्याकडं एका जुन्या लेथच्या क्रॉस-स्लाइडला, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागाला, बराच खेळ (ढिलेपणा) होता. त्यावर वीस वर्षं काम केलेला मिस्त्री तो खेळ हातानंच भरून काढायचा. नव्या मशीनवर उभं केलं, तर पहिले दोन जॉब त्यानं जास्त कापून बाद केले. सुभेदारांचं हेच झालं होतं. क्लब लांब फेकायचा म्हणून हात आवरायला शिकला, आणि ते दोन वर्षं हाताला शिव्या घालत होते.

शेगड्यात (व्हाइसमध्ये) पितळी पट्ट्या घालून क्लबचं डोकं आवळलं. मानेला लांब पाना लावून अर्ध्या अर्ध्या अंशानं, दर खेपेला मोजत, 36 वर आणला. तळाचा कोनही तेवढाच वाढला. तो तसाच वाढतो, त्याला इलाज नाही.

इथं थांबायला हवं होतं. त्यांनी वेगळ्याच सेटमधला वेज, म्हणजे जास्त उताराचा आखूड क्लब, काढला, "हा पण एक अंश." चुंबक लावला, चिकटला, म्हणून हाही मऊ लोखंडाचा समजलो. खरी परीक्षा ठिणग्यांची, पण ग्राइंडर बंद. लाईटची वाट बघायची सोडून मी पाना लावला. टक्. मान तुटून डोकं शेगड्यातच राहिलं. ओतीव स्टेनलेस होतं ते. 17-4 नावाच्या जातीसारख्या स्टेनलेसला चुंबक चिकटतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या दुपारी आठवलं नाही. भरपाई देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. मीही आठ नंबरची मजुरी घेतली नाही.

दहा दिवसांनी ते परत आले. मी धास्तावूनच विचारलं, "आता नीट जातो ना?"

"आता अलीकडं पडतो," ते म्हणाले. "हात अजून धरतोय. क्लब तुम्ही दुपारभरात वाकवलात, याला ऊस परत उभा राहीपर्यंत लागेल." आणि पिशवीतून पाच नंबर काढून सरफेस प्लेटवर ठेवला. "हा मोजा फक्त. वाकवू नका."